धूर गेला, असं ती म्हणाली होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कागदांवर दगड ठेवणं.

दुपार कलली होती. घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडं अंथरून ती भिंतीला टेकून बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मांडीवर जुन्या अहवालांचा गठ्ठा. ती वाचून सांगायची, मी उचलून ठेवायचो. वारं सुटलं आणि कागद उडायला लागले, म्हणून मी परसातनं दगड आणले. तिनं एकेक दगड पदरानं पुसून घेतला. ‘‘सरकारी कागद हाय. मातीचा डाग पडला तर तुमची पेन्शन थांबवतील,’’ म्हणाली. एवढंच. यापेक्षा मोठं काही त्यात नव्हतं. म्हातारपणी नवरा-बायको शेंगा फोडत बसतात, तसे आम्ही कागद निवडत बसलो होतो.

कागद कसले ते सांगतो. मी कोल्हापुरात एका कॉलेजात शिपाई होतो. जन्म सगळा तिथल्या पायऱ्या चढण्यात गेला. निवृत्त झालो आणि कागलजवळच्या आमच्या गावात येऊन घरी बसलो. मग एक दिवस कॉलेजातल्या बाईंचा निरोप आला, की मामा, जरा येऊन जा. तिथं सगळे मला मामाच म्हणायचे. बाई शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या, पण बोलायला साध्या. त्यांच्याकडं काम आलं होतं. सरकारनं खेड्यापाड्यांत बिनधुराच्या चुली बांधून दिल्या होत्या, त्यांचा लोकांना फायदा झाला का ते तपासायचं काम. आणखी चुली बांधायच्या का, बांधल्या तर अशाच का वेगळ्या, ते त्यावर ठरणार होतं.

‘‘मामा, गावात जाण्याआधी मला एक काम करायचंय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आजवर या चुलींबद्दल ज्यांनी ज्यांनी काही लिहून ठेवलंय, ते सगळं वाचायचं. जुने गठ्ठे माळ्यावर कुठं आहेत, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘त्यांनी बघून लिवलंय म्हणता, तर मग तुमी परत कशाला बघायचं?’’

बाई हसल्या. ‘‘तेच तर शोधायचंय. त्यांनी खरंच बघितलंय, का दुसऱ्यानं बघितलेलं आपल्या नावावर लिहिलंय. एकच गोष्ट चौघांनी लिहिली म्हणून ती चार वेळा घडली असं होत नाही, मामा.’’

मला ते पटलं. आमच्या गल्लीत एकाच्या घरात साप निघाला तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर साप होतात.

माळ्यावरनं गठ्ठे काढले. इंग्रजी बाईंनी स्वतःकडं ठेवले. मराठीचे मला दिले, घरी नेऊन वेगळे करा म्हणाल्या. माझी शाळा चौथी. मी अक्षर लावून वाचतो, ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. पण ती सातवी झाली होती, आणि वाचायची तिला खोड होती. वाण्याच्या पुडीचा कागद ती सरळ करून वाचायची, मग चुलीत घालायची. बाईंना मी हे बोलता बोलता सांगितलं होतं. ‘‘मग काकूंनाच बसवा की या कामाला,’’ म्हणाल्या. दोघींनी एकमेकींना कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी सांगितलेले ढीग तीन. स्वतः गावात जाऊन, घरात शिरून विचारलंय आणि गाव कुठलं ते लिहिलंय, तो एक. दुसऱ्याच्या लिहिण्यावरनं लिहिलंय, तो दुसरा. आणि ज्यात दोन्ही नाही, नुसतं चांगलं-चांगलं लिहिलंय, तो तिसरा. हिनं त्यांना आपली नावं ठेवली. डोळ्यानं बघितलेलं, कानानं ऐकलेलं आणि तोंडाची वाफ. तोंडाच्या वाफेचा ढीग सगळ्यांत उंच झाला. त्याला दगडही मोठा लागला.

त्या दुपारी वाचता वाचता ती खुदकन हसली.

‘‘काय झालं?’’

‘‘ऐका. ‘नवी चूल आल्यापासून घरातून सासू गेल्यासारखे वाटते, असे स्त्रिया सांगतात.’ ’’

मीही हसलो. ‘‘कुठली गं ही बिलंदर?’’

तिनं कागद डोळ्यांजवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. हसू गेलं होतं.

‘‘अवं, ही मीच की,’’ म्हणाली.

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

आमच्या गावात चुली पहिल्यांदा बांधल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा माझी आई होती. आमच्या स्वयंपाकघरात पण बांधली. मातीची, दोन तोंडांची, वर छपरातनं गेलेलं धुराडं. शेजारच्या पत्रेवाल्या चाचांनी धुराड्यावर टोपी बसवून दिली. काही महिन्यांनी कोल्हापुरातनं दोन पोरी आल्या, चौकशी करायला. भर उन्हाच्या. एकीच्या चपलेचा अंगठा तुटलेला, ती चप्पल हातात घेऊन चालत आली होती. मी रजेवर घरीच होतो. हिनं त्यांना बसवलं, ताक दिलं. पोरींनी विचारलं, चूल वापरता का? व्हय. धूर कमी झाला? व्हय तर. खोकला कमी झाला? कुठला खोकला, म्हणाली, खोकला गेला की. आणि मग अंगात आल्यागत म्हणाली, ‘‘धूर गेला न्हवं, तर घरातनं सासू गेल्यागत वाटतंय बगा!’’

माझी आई पलीकडं अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. ती तिथनंच ओरडली, ‘‘ऐकलंय मी, भवाने! जाईन तवा कळंल!’’ पोरी पोट धरून हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

आता खरं काय ते सांगतो. ती चूल आमच्या घरात सणाएवढे दिवससुद्धा पेटली नाही. तिचं तोंड बारकं. आत काटक्या घाला, तुराट्या घाला, पण भाकरी भाजायची कुठं? भाकरी तव्यावर होते अर्धी. उरलेली अर्धी होते निखाऱ्यापुढं, चुलीच्या तोंडाशी उभी करून, तेव्हा ती फुगते. त्या चुलीला निखारा बाहेर ओढायला जागाच नव्हती. हिनं दोन-चार दिवस बघितलं, भाकऱ्या चामड्यागत झाल्या, आईनं ताट सरकवलं, आणि मग परसात तीन दगड मांडून तिथं शेणी, म्हणजे गोवऱ्या, पेटवल्या. पावसाळ्यात ते दगड आत आले. नव्या चुलीत कोंबडी अंड्यावर बसवली. धुराड्याचा पाइप आम्ही पुढं पन्हाळीला लावला, तो चांगला टिकला.

गल्लीतल्या सगळ्या घरांत हेच झालं होतं. आणि त्या पोरींना गल्लीतल्या सगळ्या बायका ‘‘व्हय’’च म्हणाल्या होत्या. खोटं बोलायचं म्हणून नाही. आमच्यात आल्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत. घरात काही नसलं तर गुळाचा खडा देतात, तोही नसला तर पाणी देतात. पोरी उन्हातनं तंगडतोड करत आल्या होत्या, त्यांना काहीतरी हवं होतं, ते बायकांना दिसत होतं. हळदीकुंकू लावलं, ताक दिलं, आणि वर एक ‘‘व्हय’’ दिलं. ‘‘न्हाय’’ म्हणून पावण्याला वाटंला लावायचं, हे आमच्या बायकांना जमण्यातलं नाही.

हे सगळं त्या दुपारी आम्हा दोघांना एकदमच आठवलं. मी हसायलाच लागलो. ‘‘छापून आलीस की गं तू! म्हातारपणी नाव काढलंस.’’

‘‘नाव कुठाय? स्त्रिया सांगतात म्हणं. मी एकटी ‘स्त्रिया’ कवा झाले?’’

मग तिनं दगड काढले. लावलेले ढीग परत उपसायला लागली. मी म्हटलं, असू दे. ऐकेना. आणि ते वाक्य निघत गेलं. एकात होतं, ‘जिल्ह्यातील महिलांचा अनुभव’. आणखी एकात कुणीतरी शहाण्यानं लिहिलं होतं, की या चुलींमुळं ग्रामीण भागात सासू-सुनेच्या संबंधांतही सुधारणा दिसून येते. ते वाचून मी इतका हसलो की मला ठसका लागला. ती हसली नाही.

शेवटी मूळ सापडलं. पातळसं बाड, डोळ्यानं बघितलेल्या ढिगातलं. त्यात लिहिलं होतं, ‘कागलजवळच्या एका गावातील एक गृहिणी’. आणि खाली, गावातल्या सर्व कुटुंबांत चूल नियमित वापरली जाते, आराखड्यात बदलाची आवश्यकता नाही.

ती ओळ तिनं मला दोनदा वाचून दाखवली. बदलाची आवश्यकता नाही. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

‘‘काय झालं गं?’’

‘‘तोंड मोटं करा म्हटलं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘तर केलं असतं का न्हाय त्यांनी? मातीचीच तर हुती. ईतभर तोंड वाढवायला काय लागलं असतं?’’

‘‘आता काय त्येचं.’’

‘‘काय त्येचं म्हंजे? ह्ये सगळे माझ्या एका बोलण्यावर गेले की वो. त्या गावाला, पल्याडच्या गावाला, तशाच बारक्या तोंडाच्या बांधल्या असतील. मी पोरींस्नी ‘व्हय’ म्हटलं म्हणून.’’

‘‘तुझ्या एकटीमुळं कसं? सगळ्याच म्हणाल्या.’’

‘‘सगळ्या म्हणाल्या, पण छापलंय माझं.’’

मला ते त्या वेळी खुळ्यागत वाटलं. कुठली चूल, कुठल्या पोरी, कुठलं कोण. पण मग मी तिचा चेहरा बघितला. तिला तसं मी क्वचित बघितलं होतं. भांड्याला तोंड लावावं आणि आत पाल दिसावी, तसा चेहरा झाला होता.

‘‘तुमच्या बाई आता ह्येच धरून लिवणार?’’

‘‘लिवणार. आढावा टायपिंगला जायचाय दोन-चार दिसांत.’’

‘‘मग मला न्या उद्या. पहिल्या एसटीनं. मी सांगते त्यास्नी.’’

‘‘काय सांगणार? खोटं बोलले म्हणून?’’

‘‘व्हय. त्येच.’’

‘‘हसतील की तुला.’’

‘‘हसू देत. आदी कोंबड्या बसवल्या त्येच्यात, आता माणसं हसू देत.’’

मी बरं म्हटलं. दगड परत ठेवले, कागद तिथंच राहू दिले. संध्याकाळी तिनं तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या केल्या. आमटी होती. आम्ही जेवलो. ती खोकली, पण ती रोजच खोकायची. तिनं पेटीतलं धुतलेलं लुगडं काढून खुंटीला लावून ठेवलं, उद्या नेसायला. बाईंशी कसं बोलायचं ते मला विचारत होती. आवो-जावो करायचं का, खुर्चीवर बस म्हणाल्या तर बसायचं का. मी म्हटलं, बस, काय खुर्ची चावतीय व्हय तुला.

पहाटे ती माझ्या आधी उठली. न्हाणीशेजारी पाणी तापवायच्या चुलाणापुढं बसून जाळ करत होती. शेणी दमट होत्या. मी अंथरुणात पडून फुंकणीचा आवाज ऐकत होतो. फू, फू, मग खोकला, मग परत फू. मग आवाज थांबला. मला वाटलं, जाळ लागला.

मी पडूनच राहिलो. थोडा वेळ बरं वाटलं, की आता पाणी तापेल.

मग मला धुराचा वास जास्त यायला लागला म्हणून उठलो. ती तशीच बसलेली, भिंतीला डोकं टेकून. फुंकणी मांडीवर. चुलाणात नुसता धूर. मी म्हटलं, ‘‘अगं, झोपलीस का काय हितंच?’’ खांद्याला हात लावला तर ती कलंडली.

मी ओरडलो का नाही मला आठवत नाही. लोक म्हणतात ओरडलो. मला आठवतंय ते हे, की मी आधी ती फुंकणी उचलून भिंतीला नीट उभी करून ठेवली. बायको मेलेली समोर, आणि मी फुंकणी उभी करतोय.

कागलहून डॉक्टर आला. हृदय बंद पडलं म्हणाला. धुरानं मेली असं मी म्हणत नाही. मला त्यातलं कळत नाही आणि माझी चौथी झाली आहे. फुंकता फुंकता मेली, एवढं मी डोळ्यानं बघितलं.

दुपारी तिला जाळली. पुतण्यानं पाणी दिलं. मुलगी कुरुंदवाडहून एसटी बदलत आली, तोवर आम्ही नदीवरनं परतलो होतो. तिला आईचं तोंड दिसलं नाही. ती दारात बसून रडली आणि मी तिच्याकडं बघत राहिलो. रडायला येतंय का म्हणून आत चाचपून बघितलं. काही नव्हतं. अंग बधिर झालं होतं, दात काढताना सुई देतात तसं. तिची भावजय म्हणाली, ‘‘रडा वो दाजी, मोकळं व्हा.’’ मी म्हटलं, ‘‘बगतो.’’

सोप्यात बघितलं तर ढीग नव्हते. लोक बसायला आले होते, जागा पाहिजे म्हणून कुणीतरी सगळे कागद एकत्र करून कोपऱ्यात रेटले होते. दगड उंबऱ्याबाहेर टाकले होते. डोळ्यानं बघितलेलं, ऐकलेलं आणि वाफ, सगळं एक करून टाकलं होतं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ‘‘कुणी केलं रं ह्ये? कुणी केलं?’’ असं मी घरभर विचारत सुटलो. बायकोच्या मरणापेक्षा कागदाचं मला जास्त लागलंय असं लोकांना वाटलं असेल. पुतण्यानं मला हाताला धरून खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तो गठ्ठा घेऊन बाहेर कट्ट्यावर बसलो. आमच्यात माणूस गेल्यावर घरात चूल पेटवत नाहीत, खायचं-प्यायचं शेजारपाजारनं येतं. पत्रेवाल्या चाचांच्या घरनं चहा आला होता. चाचा स्वतःच किटली घेऊन आलेले. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि बाजूला बसले. मी एकेक कागद अक्षर लावून वाचत होतो. तिचं वाक्य हुडकत होतो. तिला पानाकडं बघितलं की दिसायचं. मला सा, मग सू, असं बोट ठेवून जावं लागत होतं. सूर्य वर आला. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती.

‘‘कालच बाईल जाळली आन् आज म्हातारा पेपर वाचतोय,’’ कुणीतरी म्हणालं. मला ऐकू जाईल असंच म्हणालं.

चाचा उठून म्हणाले, ‘‘आपल्या वाटेनं जा की भावा, तुला काय करायचंय?’’

ज्या बाडांत तिचं वाक्य होतं ती सापडली. मूळचं बाड सगळ्यांत शेवटी मिळालं. ती मी वेगळी बांधली आणि टोपी घातली. पुतण्या आडवा आला.

‘‘आण्णा, कुठं निघालासा?’’

‘‘कोल्हापूरला.’’

‘‘खुळं झालासा का काय? सुतक हाय. लोकं काय म्हणतील?’’

‘‘म्हणू देत.’’

‘‘आवो उद्या सावडायचंय! घरात पावणं बसल्यात!’’

‘‘सावडायला येतो मी. आज एक काम हाय.’’

‘‘असलं कसलं काम?’’

त्याला कसं सांगणार? की तुझ्या चुलतीला एक खोटं मागं घ्यायचं होतं, म्हणून. मुलगी दारात उभी होती, रडून डोळे सुजलेले. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे रं त्यास्नी.’’ का म्हणाली मला माहीत नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

एसटीत मी खिडकीला बसलो. कंडक्टरनं विचारलं, किती? मी म्हटलं, दोन. मग म्हटलं, एक.

कॉलेजात गेलो. बाई टेबलाशी होत्या, समोर लिहिलेले कागद, शेजारी टायपिंगला द्यायची फाइल. मला बघून म्हणाल्या, ‘‘या मामा! झाले का ढीग?’’

मी बाडं टेबलावर ठेवली. बसा म्हणाल्या, बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, की हे सासूचं वाक्य ज्यात ज्यात आहे ते सगळं एकाच बाईचं बोलणं आहे.

बाई मान हलवत होत्या. ‘‘हो, इंग्रजी गठ्ठ्यांतही हेच वाक्य आहे, माझ्याही ते लक्षात आलं होतं. हे सगळे एकमेकांवरनं लिहीत गेलेत. म्हणून मी त्यांना धरलंच नाहीये. फक्त मूळची पाहणी धरली आहे, तिची इंग्रजी प्रत माझ्याकडं आहे. ती प्रत्यक्ष गावात जाऊन केलेली आहे, चांगली आहे.’’

‘‘ती खोटी हाय,’’ मी म्हटलं.

‘‘खोटी कशी?’’

‘‘पोरी आलत्या, विचारलं, लिवलं, ते खरं. सांगणारीनं खोटं सांगितलं. माझ्या बायकोनं. ती ‘एक गृहिणी’ म्हंजे माझी बायको.’’

बाईंनी पेन उचललं. मग त्यांचे डोळे एकदम चमकले, शिकलेल्या माणसाचे चमकतात तसे. ‘‘मामा, काय सांगताय! म्हणजे काकू… अहो, मग त्यांना घेऊन यायचं ना! मला त्यांच्याशीच बोलायचंय. किंवा मी येते तुमच्या गावाला, उद्याच येते. त्यांच्या तोंडून ऐकलं तर मला ते घालता येईल. उद्या असतील ना घरी?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग परवा?’’

‘‘काल जाळली तिला,’’ मी म्हटलं.

बाईंच्या हातातलं पेन टेबलावरनं घरंगळत खाली पडलं. त्या उठल्या, बसल्या, परत उठल्या. मामा, मामा, असं काहीतरी म्हणत होत्या. पाणी दिलं. तुम्ही आज कशाला आलात, तुम्हाला घरी सोडायला कुणाला तरी पाठवते, असं म्हणायला लागल्या. मी पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

‘‘लिवा आदी,’’ मी म्हटलं. ‘‘ती कालच येणार हुती सांगायला. पहिल्या एसटीनं. टायपिंगला जायच्या आत.’’

बाईंना लिहायला वेळ लागला. त्यांनी डोळे पुसले, नवा कागद घेतला. मग त्या पोरींनी विचारलेलंच त्यांनी विचारलं, ओळीनं, हळू आवाजात.

‘‘चूल वापरात होती का?’’

‘‘न्हवती.’’

‘‘का?’’

‘‘तोंड बारकं. भाकरी फुगवता येत न्हवती.’’

‘‘मग त्या चुलीचं काय केलं?’’

‘‘कोंबडी बसवली.’’

बाई थांबल्या, मग तेही लिहिलं.

‘‘धूर कमी झाला होता?’’

‘‘न्हाय.’’

‘‘खोकला?’’

 मी टोपी काढून हातात घेतली.  मग मी म्हटलं, ‘‘न्हाय. शेवटपर्यंत हुता.’’

‘‘मग त्या हो का म्हणाल्या होत्या, मामा?’’

‘‘पोरी उन्हातनं आलत्या,’’ मी म्हटलं.

बाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असावं, कारण पुढं विचारलं नाही. लिहिताना त्या ओठ चावत होत्या. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. बरोबर होतं, पण भाषा शाळेतली होती. मी म्हटलं, एक घाला अजून, तोंड ईतभर मोठं केलं असतं तर वापरली असती. ते तिचं म्हणणं होतं, माझं नाही. त्यांनी घातलं.

‘‘हे तुम्ही त्यांच्या वतीनं सांगताय, असं मला लिहावं लागेल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्याला किती किंमत देतील ते मला सांगता येणार नाही. पण ही पाहणी मी आता भरवशाची म्हणून धरणार नाही. आणि त्या पट्ट्यातल्या गावांत मी स्वतः जाईन, चुलीत हात घालून बघेन.’’

‘‘नाव घालू?’’ त्यांनी मग विचारलं.

‘‘नगा. ‘एक गृहिणी’ छापलंय न्हवं, तसंच ऱ्हाऊ दे.’’

‘‘वय लागेल. माहिती देणाऱ्याचं वय लिहायची पद्धत आहे.’’

 मला तिचं वय माहीत नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती माझ्या खांद्याला लागत होती, एवढंच मला माहीत होतं. पोरी आल्या तेव्हाचं माहीत नव्हतं, काल चितेवर ठेवली तेव्हाचंही माहीत नव्हतं. सगळा जन्म तिच्या हातचं खाल्लं आणि एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. तेव्हा मी खुर्चीत बसलो.

‘‘राहू द्या मामा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी अंदाजानं लिहिते.’’

‘‘अंदाजानं नगा,’’ मी म्हटलं. ‘‘ठावं न्हाय म्हणून लिवा.’’